गाडीचे पथ्य

जुनी वस्तू विकणारा माणूस तिची किंमत सांगतो, तिच्या सवयी सांगत नाही. जुन्या कपाटाचे दार खांदा लावल्याखेरीज मिटत नाही, जुने घड्याळ दर मंगळवारी चार मिनिटे मागे पडते, आणि जुन्या पुस्तकात सतराव्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने 'साफ खोटे!' असे लिहून ठेवलेले असते, ते पुसायला जावे तो कागदच फाटतो. आमच्या घरातले निम्मे सामान असे आधी दुसऱ्याचा संसार करून आलेले आहे. शाळामास्तराच्या घरात ते तसेच असायचे. त्यामुळे परक्या सवयींशी जुळवून घेण्यात आम्ही नवराबायको चांगलीच तरबेज आहोत. पण २०२२ साली दाराशी मोटार आली आणि तिची सवय निघाली खाण्यापिण्याची!

ही गाडी आमच्या गावच्या डॉक्टरांची. २०१३ सालची, परदेशी बनावटीची, लहानशा पण टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनाची. आमचे गाव कराड-चिपळूण रस्त्यावर, कराडपासून पंचवीसएक किलोमीटर आत. अशा गावात ही गाडी म्हणजे मळ्यात मोर! डॉक्टर २०२१ च्या उन्हाळ्यात गेले. तो उन्हाळा तुम्हीही विसरला नसाल. दवाखाना बंद न करता, रोगी तपासता तपासता गेले. गाडी वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात उभी राहिली. मग एके दिवशी डॉक्टरकाकूंनी मला बोलावून घेतले आणि एक आकडा सांगितला. त्या पैशांत नवी लहान गाडी सोडाच, बरी मोटारसायकलसुद्धा जेमतेम आली असती. मी म्हटले, "काकू, हे फार कमी होतं."

"होऊ दे. तुझ्या वडिलांना हे तपासायचे तेव्हा कुठे पूर्ण पैसे घेत होते? मात्र एक सांगते, मास्तर. तिचं पथ्य सांभाळ. यांनी तिला पंचाण्णवाखेरीज काही घातलं नाही हो."

पेट्रोलचे झाकण उघडून पाहिले, तर आतल्या बाजूस खरोखरच चिठ्ठी चिकटवलेली होती : किमान ९५ रॉन. चष्म्याच्या नंबरासारखा हा गाडीचा नंबर! आणि त्या वेळी आमच्या गावच्या पंपावर मिळणारे साधे पेट्रोल होते ९१ चे. पंचाण्णवचे हवे तर कराडला जायचे आणि लिटरमागे आठ रुपये जादा मोजायचे.

आता आठ रुपये म्हणजे काय, हे ज्याच्या त्याच्या पगारावर ठरते. आमच्या घरी हिशेबाचे खाते पत्नीकडे आहे. तिने भाजीच्या पिशवीमागेच आकडेमोड केली. महिन्याला पाचशे किलोमीटर, म्हणजे अडतीस-चाळीस लिटर. आठ गुणिले चाळीस, तीनशे वीस. वर्षाचे तीन हजार आठशे चाळीस. "अहो, यात पोरीच्या इंटरमीजिएटच्या परीक्षेचे रंग, कागद आणि वर्षभराच्या वह्या येतात," ती म्हणाली. चित्रकलेच्या मास्तराला हा टोला बरोबर वर्मी लागतो. मुलगी माझी, रंग तिचे आणि पेट्रोल मोटारीचे. यात मोटारीची बाजू घेणारा बाप कोणाला आवडेल?

शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला मात्र, प्रत्येकाला मत होतेच. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही त्यांचे मत सर्वांत ठाम. एकजण म्हणाला, महाग पेट्रोल म्हणजे साजूक तूप, इंजिनाला ताकद येते. दुसऱ्याने सांगितले की महिन्यातून एकदा महाग भरावे, म्हणजे एरंडेल दिल्यासारखी टाकी साफ होते. तिसऱ्याच्या मते दोन्ही एकाच टँकरातून येते आणि फरक फक्त पाटीचा. मी दहावी झालो (वडिलांच्या भाषेत मॅट्रिक) आणि चित्रकलेची पदविका घेऊन शाळेत चिकटलो. रसायनशास्त्राशी माझा संबंध एवढाच की प्रशियन निळा रंग लोखंडाच्या क्षारापासून होतो, हे मला ठाऊक आहे. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. कोणी 'का' ते सांगितले नाही की त्याला झोप येत नाही. म्हणून मी वाचायला लागलो.

आणि कळले ते हे, की तूप, एरंडेल आणि पाटी ही तिन्ही मते चुकीची. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. तो आहे पेट्रोलचा सोशिकपणा! इंजिनाच्या नळकांड्यात हवा आणि पेट्रोलची वाफ दट्ट्या दाबतो. जुन्या गाड्यांत सात-आठ पटींनी दाबी, आता दहा पटींनी आणि त्याहूनही अधिक. टर्बो असला तर हवा आधीच कोंबलेली असते. मग ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकापासून दुसरीकडे पसरत जाते. ओल्या कागदावर रंगाचा थेंब सोडला की तो जसा कडेकडेने पुढे सरकतो, तसे. पण पेट्रोल उतावळे असेल, तर ज्योत पोचण्यापूर्वीच पलीकडच्या कोपऱ्यातली दाबली गेलेली, तापलेली वाफ आपण होऊन भडकते. एका कागदावर दोन मुलांनी दोन टोकांनी रंग ओतावा आणि मध्ये चिखल व्हावा, तसे होते. याला मिस्त्री लोक 'नॉकिंग' म्हणतात. दगडाच्या खलात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि फार दिवस चालले तर दट्ट्याला भोके पडतात. तेव्हा जास्त आकड्याचे पेट्रोल म्हणजे जास्त दम धरणारे पेट्रोल. ज्या गाडीला त्याची गरज नाही तिला ते पाजून काहीएक फायदा नाही. मुकाट बसणाऱ्या मुलाला 'गप्प बस' म्हणून सांगण्यासारखेच ते.

हा आकडा कसा ठरला याची कथा मला फार आवडली. १९२६-२७ च्या सुमारास अमेरिकेत ग्रॅहम एडगर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दोन द्रव पदार्थ घेतले. एक आयसोऑक्टेन, तो अतिशय सोशिक. त्याला १०० गुण दिले. दुसरा हेप्टेन, महाउतावळा, त्याला शून्य. हा हेप्टेन त्या वेळी एका जातीच्या पाइन झाडाच्या चिकापासून मिळवीत. बाजारातले पेट्रोल या दोहोंच्या ज्या मिश्रणाइतके दम धरील, त्यात शंभरात जितके आयसोऑक्टेन, तितके त्याचे गुण. पेपर तपासण्याची इतकी सरळ पद्धत आमच्या परीक्षा मंडळालाही सुचलेली नाही.

त्याच्याच आधीचा भाग मात्र काळा आहे. १९२१ च्या डिसेंबरात थॉमस मिजले या संशोधकाला असे आढळले की शिशाचे एक संयुग चिमूटभर घातले की नॉकिंग बंद होते. अल्कोहोलनेही ते थांबते, हे त्या मंडळींना माहीत होते. तरी त्यांनी शिसे निवडले. १९२३ मध्ये ते पंपावर आले आणि १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात ते तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी शिसे चालूच राहिले. आपल्या देशात ते सर्वत्र बंद झाले १ फेब्रुवारी २००० पासून, आणि जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये. म्हणजे माझे सगळे बालपण एस. टी. स्टँडाबाहेर मोटारींच्या धुरात, शिसे हुंगत गेले! माझ्या गणिताच्या गुणांचे खापर मी अधूनमधून मिजलेसाहेबांवर फोडतो.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्यानेही तिथे जुनीच गाडी घेतलेली. फोनवर त्याला ही सगळी हकीकत सांगितली तर तो हसायलाच लागला. "दादा, माझ्या गाडीच्या पुस्तकात ९१ लिहिलंय आणि इथे ९१ म्हणजे महागातलं पेट्रोल. साधं ८७ असतं. तुमच्याकडे साधंच ९१ आहे, मग तू रडतोस कशाला? अमेरिकेपेक्षा भारी पेट्रोल पितेय तुझी गाडी!" क्षणभर माझा ऊर भरून आला. पण देशाभिमानालाही पट्टी लावून पाहावी लागते. आपण जो आकडा लिहितो तो एका रीतीने काढलेला : चाचणीचे इंजिन मिनिटाला सहाशे फेरे फिरवून. दुसरी रीत जास्त कडक. नऊशे फेरे आणि आत शिरणारे मिश्रण तापवलेले. तिच्यात तेच पेट्रोल आठ-दहा गुणांनी खाली येते. अमेरिकन लोक पंपावर या दोहोंची सरासरी लिहितात. तेव्हा त्यांचे ८७ ते साधारण आपले ९१ आणि त्यांचे ९१ ते आपले ९५-९६. दोघा भावांच्या गाड्यांचे पथ्य एकच निघाले, पट्ट्या दोन. भावाने पलीकडून "हो का?" एवढेच म्हटले. तो इंजिनिअर आहे, हे सांगायचे राहिलेच.

गाडीच्या कप्प्यात डॉक्टरांची एक वही सापडली होती. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, किलोमीटर, किती लिटर, काय दराने, आणि शेवटी शेरा. अक्षर डॉक्टरांचे, म्हणजे औषधाच्या दुकानदारानेच वाचावे असे. शेऱ्याच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला 'प्री.' असे लिहिलेले. विज्ञानाच्या मास्तरांनी वही पाहिली आणि तत्काळ निकाल दिला : "प्री. म्हणजे प्रीमियम. डॉक्टर पक्का शिस्तीचा माणूस!"

२०२३ च्या मे महिन्यात मी पत्नीच्या हिशेबाला संधी द्यायची ठरवली. काकूंना आधी जाऊन सांगितले. पाठीमागून काही करणे मला प्रशस्त वाटेना. त्या म्हणाल्या, "कर बाबा. माणसंसुद्धा मधूनमधून पथ्य मोडतात. हेच बघ ना, गावाला साखर सोडायला सांगायचे आणि स्वतःच्या चहात दोन चमचे." टाकी साध्या पेट्रोलने भरली. गावात, सपाट रस्त्यावर काही फरक कळला नाही. मग आम्ही चिपळूणला पत्नीच्या माहेरी गेलो. येताना गाडीत पाच माणसे, चार हापूसच्या पेट्या, फणस, सासूबाईंनी दिलेले कोकमाचे डबे आणि बाहेर भर दुपारचे ऊन. कुंभार्ली घाट चढायला लागलो.

मी कान लावून बसलो होतो. खलात खडे वाजतील म्हणून. काहीच वाजले नाही. पण गाडीचा पिकअप गेला. दुसऱ्यावर टाकली तरी ती मन लावून चढेना. पायाखाली दाबावे आणि तिने "हं, ऐकले" म्हणून तेवढ्याच चालीने जावे. पुढच्या ट्रकाला ओलांडायचा विचार मी दोनदा केला आणि दोनदा सोडला. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, हिला बरं वाटत नाहीये का?"

कराडच्या मिस्त्रींनी पुढे उलगडा केला. या गाड्यांच्या इंजिनाला एक छोटा कान बसवलेला असतो. त्यात स्फटिकाचा तुकडा. आत खडखड सुरू झाली की त्या कंपाने स्फटिकात वीज उमटते, गाडीच्या मेंदूला खबर जाते आणि मेंदू ठिणगी जरा उशिरा पाडू लागतो. खडखड थांबते, पण उशिरा पडलेल्या ठिणगीतून पुरते काम निघत नाही. म्हणून शक्ती कमी आणि पेट्रोल जास्त. "साहेब, गाडी मरत नाही हो," मिस्त्री म्हणाले. "ती गप बसून सोसते. पण चढाला, उन्हात, भार घेऊन रोज रोज नका सोसायला लावू. आणि पुस्तकात 'चालेल' लिहिलंय का 'पाहिजे' लिहिलंय ते बघा. 'चालेल' असलं तर बिनधास्त घाला." आमच्या पुस्तकात 'पाहिजे' होते.

या दोन शब्दांतला फरक फार मोलाचा आहे. अमेरिकेतल्या मोटारमालकांच्या मोठ्या संघटनेने २०१७ मध्ये 'प्रीमियम घातल्यास बरे' असे लिहिलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा प्रीमियमने ॲव्हरेज सरासरी २.७ टक्क्यांनीच वाढले. तेवढ्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. पण 'पाहिजे' वाल्यांची जात निराळी.

त्या रात्री आम्ही दोघे डॉक्टरांची वही आणि माझा महिना समोर घेऊन बसलो. डॉक्टरांचे ॲव्हरेज लिटरला तेरा किलोमीटर. माझे बारा पूर्णांक दोन. पेट्रोल एकशे चार आणि एकशे बारा धरून पत्नीने पुन्हा पिशवी ओढली. पाचशे किलोमीटरला साधे लागते एकेचाळीस लिटर, चार हजार दोनशे बासष्ट रुपये. प्रीमियम लागते साडेअडतीस लिटर, चार हजार तीनशे आठ. फरक सेहेचाळीस रुपये. तीनशे वीस नव्हे! अर्थात डॉक्टरांचा पाय निराळा, माझा निराळा. माझ्या महिन्यात घाट होता, आंबे होते, ऊन होते. हा काही प्रयोगशाळेतला हिशेब नाही. पण पत्नी पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "सेहेचाळीस रुपयांत फक्त पांढरा रंग येतो."

मग वहीची पाने उलटता उलटता तिच्याच लक्षात आले. "अहो, यातले काही दर साध्या पेट्रोलचे आहेत. हे पाहा. आणि शेरा तरीही 'प्री.'च!" खरेच होते. अशा आठ-दहा ओळी होत्या. आणि दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्या तारखा रविवारच्या.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन आम्ही काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवले आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "अरे, प्रीमियम कुठलं! प्रीतिसंगम. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम नाही का? दर रविवारी दवाखाना दुपारी बंद झाला की हे म्हणायचे, 'चल, गाडीला तिचं पेट्रोल गावात मिळत नाही, कराडला जाऊन येऊ.' पेट्रोल घ्यायचं आणि मग संगमावर तासभर बसायचं. सासूबाई होत्या तोवर उगाच फिरायला जातो म्हणायची सोय नव्हती. त्या गेल्या तरी सवय राहिली. कधी पंपावर ते महागाचं संपलेलं असे. साधं भरून यायचो. पण संगम चुकला नाही."

काकू घरात चहा टाकायला गेल्या. पत्नीने वही मिटून मांडीवर ठेवली. आणि जाताना, मला न विचारता, ती म्हणाली, "काकू, रविवारी आम्ही कराडला पेट्रोल भरायला जाणार आहोत. याल ना?"

तेव्हापासून महिन्यातून एक-दोन रविवार आमचे ठरलेले आहेत. पंपावरचा पोरगा विचारतो, "साधं का प्रीमियम?" आणि मी तोंड उघडण्यापूर्वी मागच्या सीटवरून दोन बायका एकदम उत्तर देतात. वही आता मुलगी लिहिते. शेऱ्याच्या रकान्यात तिने तोच शब्द चालू ठेवला आहे.

हे सारे असे मार्गी लागले तोच २०२५ साल उजाडले आणि पेट्रोलच बदलले. देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. इथेनॉल म्हणजे तेच अल्कोहोल, शंभर वर्षांपूर्वी मिजलेसाहेबांनी बाजूला ठेवलेले! त्याचा सोशिकपणा शंभराच्याही वर. त्यामुळे त्या ऑगस्टात पेट्रोलियम मंत्रालयाने जाहीर केले की वीस टक्के मिसळल्यावर साध्या पेट्रोलचा आकडाच ९५ च्या घरात जातो. म्हणजे ज्या आकड्यासाठी आम्ही कराड गाठत होतो तो गावच्या पंपावर आला! पण आमच्या गाडीच्या पुस्तकात दुसऱ्या पानावर दुसरे पथ्य निघाले : इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच. एका लिटर इथेनॉलात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, तेव्हा ॲव्हरेज थोडे उतरते ते वेगळेच. शिवाय ते पाणी ओढते आणि जुन्या गाड्यांतल्या काही रबरी नळ्यांना मानवत नाही. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग लवकर बदलावे लागतील, हे मंत्रालयानेही सांगितले. मधुमेह आटोक्यात यावा आणि डॉक्टरांनी मीठ बंद करावे, तशातली गत.

माझे दाजी कराडजवळ ऊस लावतात. थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा ऊस ज्या कारखान्यात जातो तिथे इथेनॉलही होते, म्हणून ते यावर फार खूश. "मास्तर, तुमच्या गाडीत आमचा ऊस जळतोय बरं का!" असे प्रत्येक लग्नात चारचौघांत सांगतात. कारखान्याचे बिल जरा वेळेवर यायला लागले, हे त्यांचे म्हणणे मी खोटे कसे म्हणू? त्या बिलावर भाच्याची इंजिनिअरिंगची फी गेली आहे. माझी एक नळी आणि त्यांची फी, यात तराजू कुठे झुकतो ते मला दिसते.

गेल्या दसऱ्याआधी मिस्त्रींनी टाकीपासची ती नळी बदलली. कडेला मऊ पडून फुगली होती. वीस टक्क्यांना टिकणारी नवी बसवली. बिल मी दाजींना पाठवून दिले, खाली लिहिले : 'आपल्या उसाने केलेले नुकसान.' चार दिवसांनी एस. टी.च्या पार्सलातून पाच किलो गुळाची ढेप आली. सोबत चिठ्ठी नव्हती. निम्मी आम्ही ठेवली, निम्मी काकूंकडे दिली. त्यांनी दिवाळीच्या अनारशांसाठी तांदूळ भिजत घातलेच होते.